नेमलेला पाठ : ख्रिस्ती नित्यवाचनातील ईश्वरी न्याय आणि दया

ख्रिस्ती धर्मात शास्त्रवाचनाचा जो नित्यनेम आहे, त्यात आज कोणता उतारा वाचावयाचा हे वाचक ठरवीत नाही. ते त्याच्यासाठी आधीच ठरलेले असते, आणि या एका साध्या व्यवस्थेत ईश्वराचा न्याय व ईश्वराची दया यांच्या परस्परसंबंधाचे पुष्कळसे मर्म साठलेले आहे. ही व्यवस्था फार जुनी आहे. सहाव्या शतकात बेनेडिक्टने आपल्या मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली, तीत दीडशेच्या दीडशे स्तोत्रे दर आठवड्याला म्हणून पुरी झालीच पाहिजेत असा दंडक घातला. इंग्लंडात आर्चबिशप क्रॅन्मरने १५४९ साली सिद्ध केलेल्या प्रार्थनापुस्तकात स्तोत्रांचे एक आवर्तन महिन्याला, जुन्या कराराचा बहुतेक भाग वर्षातून एकदा आणि, प्रकटीकरणाचे पुस्तक सोडल्यास, नवा करार वर्षातून तीनदा वाचून व्हावा अशी आखणी केली. जर्मनीतील हेर्नहूट येथील मोरेव्हियन बांधवांनी जुन्या करारातील वचने चिठ्ठ्या काढून निवडण्याचा आणि १७३१ सालापासून ती वर्षभराच्या पुस्तिकेत छापण्याचा प्रघात पाडला, जो अद्यापि चालू आहे. आणि स्कॉटलंडातील डंडी येथील तरुण धर्मोपदेशक रॉबर्ट मरे मक्चेन याने १८४२ साली आपल्या मंडळीसाठी असे एक वाचनपत्रक तयार केले की, त्याबरहुकूम रोज वाचणाऱ्याचा जुना करार वर्षात एकदा आणि नवा करार व स्तोत्रे दोनदा वाचून होतात.

रोमन कॅथॉलिक पंथाची आजची व्यवस्था दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेविषयी जो ठराव केला त्यातून निघाली आणि १९६९ साली ती अमलात आली. तीनुसार रविवारच्या वाचनांचे चक्र तीन वर्षांनी पुरे होते, आणि त्या तीन वर्षांत अनुक्रमे मत्तय, मार्क व लूक यांच्या शुभवर्तमानांना प्राधान्य असते. इतर वारी पहिले वाचन सम आणि विषम वर्षांनुसार बदलते, त्यानंतर एक स्तोत्र येते, आणि शेवटी येणारे शुभवर्तमान मात्र दरसाल तेच असते, म्हणजे वर्षाच्या सामान्य काळात (मोठे सण व त्यांच्या तयारीचे काळ सोडून उरलेल्या आठवड्यांत) प्रथम मार्क, मग मत्तय, मग लूक असा क्रम न चुकता चालतो. ईस्टरपूर्वीच्या प्रायश्चित्तकाळात तर रविवार सोडून प्रत्येक दिवसाची दोन्ही वाचने कायमची नेमून दिलेली आहेत. भाविकाला त्या दिवशी सांत्वनाची गरज असेल आणि पुढे दंडाचा उतारा येईल; त्याच्या मनात शेजाऱ्याविषयी कडू राग असेल आणि पुढे क्षमेचा उतारा येईल; त्यात फेरफार करण्याची मुखत्यारी त्याच्या हाती नाही.

ही मुखत्यारी मनुष्याच्या हाती गेली म्हणजे काय होते, याचे उदाहरण ख्रिस्ती इतिहासाच्या अगदी प्रारंभीच घडले. काळ्या समुद्राच्या काठावरील सिनोप येथील मार्सियन नावाचा एक श्रीमंत जहाजमालक रोम येथे आला, आणि जुन्या करारातील न्यायी, दंड देणारा देव निराळा व येशूने प्रकट केलेला दयाळू पिता निराळा, असा सिद्धांत त्याने मांडला. या सिद्धांताचा परिणाम प्रथम वाचनावर झाला. मार्सियनने जुना करार समूळ बाद केला, चार शुभवर्तमानांपैकी लूककृत तेवढे, तेही काटछाट करून, ठेवले, आणि पौलाची दहा पत्रे त्याला जोडून आपल्या अनुयायांचे शास्त्र बनविले. रोमच्या मंडळीने सुमारे १४४ साली त्याला बहिष्कृत केले. वाचनातून न्यायाचा भाग काढून टाकला तर उरलेली दया अधिक निर्मळ होईल, ही त्याची समजूत वरवर पाहता उदात्त वाटते. परंतु जो देव कोणत्याच अन्यायाचा झाडा घेत नाही, त्याच्या क्षमेला किंमत ती काय राहणार? ज्याच्या दफ्तरी गुन्ह्याची नोंदच होत नाही, त्याने दिलेली माफी म्हणजे निव्वळ दुर्लक्ष होय. मंडळीने मार्सियनला नाकारले तेव्हा जुना व नवा करार एकाच आसनावरून वाचण्याचा आपला प्रघात तिने कायम राखला, आणि आज प्रायश्चित्तकाळात जी दोन वाचने रोज पाठोपाठ होतात, ती या जुन्या निवाड्याची अखंड अंमलबजावणीच आहे.

मार्सियनने ज्या दोन गोष्टींची फारकत केली, त्या मुळात एकाच वाक्यात सांगितलेल्या आहेत. निर्गमाच्या चौतिसाव्या अध्यायात, सोन्याच्या वासराची पूजा करून इस्राएल लोकांनी करार मोडल्यानंतर, देव सीनाय पर्वतावर मोशेसमोरून जातो आणि स्वतःचे नाम व स्वतःचे लक्षण स्वमुखाने उच्चारतो. आपण करुणामय व कृपाळू आहोत, आपला क्रोध मंद आहे, हजारो पिढ्यांवर आपले प्रेम टिकते व आपण अधर्माची क्षमा करतो, असे तो प्रथम सांगतो. आणि लगेच, श्वासही न घेता, आपण अपराध्याला मोकळे सोडीत नाही व त्याच्या पापाचे फळ तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत पोचते, हेही सांगतो. या प्रमाणात अर्थ आहे: दया हजारांवर आणि दंड तीन-चारांवर. तरीही दंडाचे कलम खोडून टाकलेले नाही. पुढच्या संदेष्ट्यांनी व स्तोत्रकारांनी हे वचन वारंवार वापरले, आणि राखेच्या बुधवारी, म्हणजे प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्याच दिवशी, योएलाच्या ग्रंथातून जो उतारा वाचला जातो त्यातही त्याचा पूर्वार्ध आलेला आहे.

या वचनाचे दोन अर्ध दोन संदेष्ट्यांनी एकाच नगराविषयी उच्चारले, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. ते नगर म्हणजे अश्शूरांची राजधानी निनवे. ज्या अश्शूरांनी इस्राएलचे उत्तरेकडील राज्य बुडविले, लोकांना देशोधडीला लावले आणि जिंकलेल्या मुलखांकडून खंडणी वसूल करताना क्रौर्याची परिसीमा गाठली, त्यांचे ते शहर. नहूम सांगतो की परमेश्वर मंदक्रोध असला तरी अपराध्याला सोडून देणारा नव्हे, आणि रक्तपाताने माखलेल्या त्या नगरीचा नाश तो डोळ्यांपुढे उभा करतो, आणि इ. स. पूर्व ६१२ मध्ये निनवे खरोखरच धुळीस मिळाली. योना मात्र त्याच नगरीकडे पाठविला जातो, तिच्या नाशाची घोषणा करतो, राजापासून रंकापर्यंत सर्वजण गोणपाट नेसून पश्चात्ताप करतात आणि देव शिक्षा रद्द करतो. तेव्हा योना संतापतो, आणि देवाच्या करुणेचे तेच प्राचीन वचन देवावरील आरोपपत्र म्हणून वाचून दाखवतो: तू असाच दयाळू आहेस हे मला ठाऊक होते, म्हणूनच मी प्रथम पळून गेलो! पळताना माशाने गिळले असता त्याच्या पोटातून, आपल्यावर झालेल्या दयेबद्दल, आभार मानणारा हा मनुष्य तीच दया शत्रूच्या वाट्याला आलेली पाहताच मरणाची याचना करतो. देवाचे उत्तर प्रश्नरूप आहे, आणि त्या प्रश्नावरच ग्रंथ संपतो: ज्यांना उजवा-डावा हात कळत नाही अशी एक लक्ष वीस हजारांहून अधिक माणसे आणि पुष्कळ गुरेढोरे जेथे आहेत, त्या नगरीची मला कीव येऊ नये काय?

विषम वर्षांत सामान्य काळाच्या सत्ताविसाव्या आठवड्यात योनाचे हे छोटेसे पुस्तक सोमवार ते बुधवार अशा तीन दिवसांत वाचले जाते. त्याच सोमवारी लूकच्या क्रमानुसार चांगल्या शोमरोन्याचा दृष्टान्त येतो, ज्यात तिरस्कृत जातीचा मनुष्यच जखमी वाटसरूचा शेजारी ठरतो; आणि बुधवारी, योनाच्या संतापाच्या पाठोपाठ, येशूने शिष्यांना शिकविलेली प्रार्थना येते, जिच्यात आम्ही आमच्या ऋणकोंना सोडतो तशी तूही आम्हांस क्षमा कर, अशी मागणी आहे. हे दोन ग्रंथ आपापल्या क्रमाने चालत असताना हा योग जुळून येतो. शत्रूच्या सुटकेने रुष्ट झालेला संदेष्टा ऐकल्यावर ती प्रार्थना ज्याला म्हणावी लागते, त्याला आपल्याच शब्दांनी आपण बांधले जात आहोत हे कळून चुकते.

प्रायश्चित्तकाळातील जोड्या मात्र विचारपूर्वक बांधलेल्या आहेत, आणि त्यांत सर्वांत मार्मिक जोडी पाचव्या आठवड्याच्या सोमवारी येते. पहिले वाचन दानीएलाच्या तेराव्या अध्यायातील सुसान्नेची कथा होय. हा अध्याय ग्रीक बायबलात आहे, हिब्रू संहितेत नाही, म्हणून प्रॉटेस्टंट बायबलात तो सापडत नाही. शुभवर्तमान योहानाच्या आठव्या अध्यायातील व्यभिचारी स्त्रीचे होय. ज्या वर्षी तो उतारा आदल्या रविवारीच वाचलेला असतो, त्या वर्षी सोमवारी त्याच्या पुढचा भाग घेतात. ही जोडी नव्या व्यवस्थेने शोधून काढलेली नाही. पोप पाचवे पायस यांनी १५७० साली प्रसृत केलेल्या उपासनाग्रंथातही ती होती, तेव्हा ती तिसऱ्या आठवड्याच्या शनिवारी वाचली जाई, आणि त्या दिवशीच्या उपासनेसाठी रोममधील संत सुसान्ना यांचेच मंदिर नेमलेले असे.

बाबेलमध्ये राहणाऱ्या योआकीम नावाच्या प्रतिष्ठित यहुदी गृहस्थाची पत्नी सुसान्ना आपल्या बागेत स्नानासाठी आली असता, त्या वर्षी न्यायाधीश नेमलेले दोन वृद्ध तेथे दडून बसतात, आणि आम्हांला वश हो, नाही तर एका तरुणाबरोबर तुला पाहिल्याची साक्ष देऊ, अशी धमकी घालतात. ती नकार देऊन आरडाओरड करते. दुसऱ्या दिवशी भरसभेत खटला चालतो. फिर्यादी तेच, साक्षीदार तेच, आणि लोकांच्या लेखी न्यायाधीशही तेच, अशी स्थिती असल्यामुळे तिला मृत्युदंड फर्मावला जातो. तिला वधासाठी नेत असताना दानीएल नावाचा एक कोवळा तरुण पुढे होतो व फेरचौकशीची मागणी करतो. तो दोघा वृद्धांना एकमेकांपासून दूर ठेवतो आणि प्रत्येकाला एकच सवाल करतो: ही जोडी तुम्ही कोणत्या झाडाखाली पाहिली? एक राळ देणाऱ्या लहानशा झाडाचे नाव घेतो, दुसरा ओक वृक्षाचे. दोन जबान्या जुळत नाहीत, खोटेपणा उघडा पडतो, आणि खोट्या साक्षीदाराने दुसऱ्यावर जे आणू पाहिले तेच त्याला भोगावे लागावे या मोशेच्या नियमानुसार त्या दोघांचा वध होतो. येथे ईश्वराची करुणा कोणत्या रूपाने अवतरली? दानीएलाने सभेला कळवळून दयेची भीक मागितली असती तर सुसान्ना कदाचित वाचलीही असती, परंतु कलंकिता म्हणून. तिला चोख चौकशी हवी होती, उलटतपासणी हवी होती, पुराव्याची छाननी हवी होती. निरपराध्याच्या बाबतीत काटेकोर न्याय हीच दया असते, हा या कथेचा निष्कर्ष आहे.

आणि हा निष्कर्ष मनात ताजा असतानाच दुसरी स्त्री पुढे आणली जाते, जिचा अपराध खरा आहे. शास्त्री व परूशी तिला मंदिराच्या आवारात येशूसमोर उभी करतात आणि दगडमाराची शिक्षा द्यावी की नाही, असा पेच टाकतात. लेवीयाच्या नियमाने दोघांनाही दंड सांगितलेला असताना पुरुष मात्र कोठेच दिसत नाही. या एका गोष्टीवरून फिर्याद किती निर्मळ होती हे कळते. येशू खाली वाकून बोटाने जमिनीवर काहीतरी लिहितो, आणि मग म्हणतो की तुमच्यात जो निष्पाप असेल त्याने पहिला दगड मारावा. हे उत्तर नियमशास्त्राला धरूनच आहे, कारण मृत्युदंडाच्या प्रसंगी पहिला हात साक्षीदारांनी उचलावा असा जुन्या करारातील 'अनुवाद' नावाच्या ग्रंथातील नियम होता, आणि जो साक्ष देईल त्याने त्या साक्षीची जबाबदारी आपल्या हाताने उचलावी हा त्यातील हेतू होता. थोरांपासून आरंभ करून एकेक जण निघून जातो. फिर्यादी उरत नाही, साक्षीदार उरत नाही, आणि मग जो एकटाच दोष देण्यास पात्र आहे तो, मीही तुला दोषी ठरवीत नाही, जा, पण यापुढे पाप करू नकोस, असे सांगतो. त्या शेवटच्या आज्ञेत पापाला पाप म्हटलेले आहे. दया झाली, पण अपराधाची नोंद पुसली गेली नाही; ती क्षमा म्हणून बेबाक झाली.

ही कथा अनेक प्राचीन ग्रीक हस्तलिखितांत आढळत नाही. प्राचीन ख्रिस्ती आचार्य ऑगस्टिन याने असा तर्क केला आहे की काही दुर्बळश्रद्धेच्या लोकांनी, आपल्या बायकांना पापाची मोकळीक मिळेल या भीतीने, ती आपल्या प्रतींतून काढून टाकली असावी. हा तर्क खरा असो वा नसो, त्यात वर्णिलेली भीती मात्र मनुष्यस्वभावाला धरून आहे. मार्सियनला दंडाची वचने सोसवली नाहीत, आणि या मंडळींना क्षमेची. सुसान्ना आणि ही अनामिक स्त्री एकाच दिवशी वाचल्या जातात तेव्हा दोन्ही भीतींना उत्तर मिळते.

न्यायाला आकडे असतात, आणि दयेलाही ते असू शकतात, हे तिसऱ्या आठवड्याच्या मंगळवारी वाचल्या जाणाऱ्या मत्तयाच्या दृष्टान्तात दिसते. एका राजाने आपल्या चाकरांचा हिशेब घेतला, तेव्हा दहा हजार तालांतांचे देणे असलेला एकजण निघाला. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार आणि एक दिनार म्हणजे मजुराचा एक दिवसाचा रोज. म्हणजे हे कर्ज सहा कोटी दिवसांच्या मजुरीइतके झाले, आणि वर्षाला तीनशे दिवस काम धरले तर ते फेडण्यास एका मजुराला दोन लक्ष वर्षे लागली असती. इतिहासकार योसेफसने हेरोद अंतिपाच्या गालील व पेरिया या दोन प्रांतांचा वार्षिक वसूल दोनशे तालांत दिला आहे. म्हणजे त्या चाकराची थकबाकी दोन प्रांतांच्या पन्नास वर्षांच्या महसुलाएवढी होती. राजाने ती सर्व माफ केली. बाहेर पडताच त्या चाकराला शंभर दिनारांचा आपला ऋणको भेटला, म्हणजे तीन-चार महिन्यांच्या मजुरीचा, आणि त्याने त्याची नरडी धरून त्याला तुरुंगात घातले. शंभर दिनार ही गरिबाला लहान रक्कम नव्हे, आणि कायद्याने तो दावा खराही होता; परंतु सहा लाख पट माफी मिळालेल्या मनुष्याच्या तोंडी तो शोभेना. राजाने आपली माफी मागे घेतली. दृष्टान्ताचा हा शेवट कठोर आहे, आणि तो वगळून केवळ माफीचा भाग सांगणारे उपदेशक कमी नाहीत. मिळालेली दया पुढे न देणाऱ्याचा निवाडा न्यायाने होतो, हे त्या शेवटाशिवाय कळत नाही.

याच मुद्द्यावर खुद्द कॅथॉलिक व्यवस्थेतही एक जागा चर्चेची आहे. १९७१ साली सुधारून प्रसिद्ध झालेल्या दैनिक प्रार्थनाग्रंथातून ५८, ८३ व १०९ ही तीन शापवाचक स्तोत्रे संपूर्ण वगळली गेली, आणि १३७ व्यासारख्या काही स्तोत्रांतील उग्र ओळीही; त्या म्हणताना भाविकाच्या मनाला अडचण होते, असे कारण देण्यात आले. कारण समजण्याजोगे आहे, आणि तरीही या लेखकाला ती स्तोत्रे ठेवावयास हवी होती असेच वाटते. ज्याचे घर जाळले गेले, ज्याची लेकरे मारली गेली, त्याचा आक्रोश त्यांत आहे. आणि तो आक्रोश करणारा शस्त्र उचलीत नाही, आपली फिर्याद देवाच्या दरबारी गुदरतो. सूड देवाच्या हवाली करणे ही क्षमेकडे जाणाऱ्या वाटेवरची पहिली पायरी असते, आणि पीडिताला ती पायरी चढू न देता एकदम शिखरावर उभे करणे हे त्याच्यावर दया करणे नव्हे.

मराठी भाषेला या वाचनाचा परिचय जुना आहे. इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली गोव्यात छापलेल्या क्रिस्तपुराणाचे दोन भाग केले, आणि येशूच्या चरित्राकडे येण्यापूर्वी पहिल्या पुराणात सृष्टीच्या उत्पत्तीपासून जुन्या कराराचा इतिहास ओवीबद्ध सांगितला. पतन आणि दंड यांची कथा आधी ऐकल्यावाचून तारणाची कथा समजणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. सेरामपूरच्या मिशनऱ्यांनी नवा करार १८११ साली मराठीत छापला. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषा शिकून सबंध बायबलाचा अनुवाद केला, जो त्यांच्या निधनानंतर १९२४ साली प्रसिद्ध झाला. आणि वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या 'सुबोध बायबल'ला २०१३ साली साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सेची, म्हणजे कॅथॉलिक उपासनेची, भाषा लॅटिनऐवजी लोकभाषा झाल्यामुळे आज वसईच्या ख्रिस्तमंदिरांतून सुसान्ना, योना आणि तो निर्दय चाकर हे सर्व मराठीत बोलतात.

या प्रकरणाचा निष्कर्ष एवढाच की, स्वतःच्या आवडीने शास्त्र वाचणारा मनुष्य दयेची वचने स्वतःसाठी आणि न्यायाची वचने शेजाऱ्यासाठी राखून ठेवतो. योनाने तेच केले, आणि त्या चाकराने तेच केले. नेमलेल्या पाठाचा क्रम या वाटणीला संमती देत नाही. जो वाचक हा नेम धरू इच्छितो, मग तो कोणत्याही पंथाचा असो किंवा केवळ जिज्ञासू असो, त्याने एक पथ्य अवश्य पाळावे: दिवसाचा उतारा बदलू नये, त्यातील नकोसा भाग गाळू नये, आणि दंडाचे वाक्य आले की प्रथम आपले नाव व क्षमेचे वाक्य आले की प्रथम आपल्या वैऱ्याचे नाव तेथे घालून पाहावे.